पहिल्या जाहिरातीच्या आधी

अक्का टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघायची. जळगावात, मेहरूणमधल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत उजेड यायचा तो फक्त दारातून. म्हणून शिलाईचं मशीन दाराकडे तोंड करून मांडलेलं आणि टीव्ही मागच्या कपाटावर. पाय मशीनवर, तोंडात दोन टाचण्या आणि कान मागे, अशा थाटात दुपारी दोनला ती गुन्ह्याच्या मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग ऐकायला बसायची. पहिली जाहिरात लागायच्या आत टाचण्या तोंडातून काढून खुनी कोण ते सांगून मोकळी व्हायची. नाव, नातं आणि कारण, तिन्ही. कॉलेजच्या तीन वर्षांत मी तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. तेवढ्या काळात ती पाच-सहा वेळाच चुकली असेल. त्यातल्या दोन वेळा तर वीज गेली होती.

मी सोनगीरची. गावात मालिका बघितल्या होत्या, पण त्या डोळे फाडून, खुनी शेवटी कळला की 'अगं बाई' म्हणून. अक्काच्या खोलीत असं म्हणायची सोय नव्हती. शेजारची रजनीवहिनी, ब्लाऊज टाकायला आलेल्या दोघी-तिघी आणि पायरीवर बसलेली मी, आम्ही सगळ्या पडद्याकडे कमी आणि अक्काच्या पाठीकडे जास्त बघायचो. एकदा एका प्रसिद्ध नटाने डॉक्टर म्हणून येऊन दोन वाक्यं टाकली आणि तो निघून गेला. अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, "इतला मोठा नट काय दोन वाक्यं बोलाले उना का? त्यानीच मारं." रजनीवहिनी वैतागून म्हणाली, "अक्का, आमले जरा देखू तं दे." शेवटी डॉक्टरच्याच हातात बेड्या पडल्या, आणि वहिनी दोन दिवस अक्काशी बोलली नाही.

तिचे नियम हळूहळू मला पाठ झाले. घरगड्यावर पहिल्यांदा संशय गेला की तो सुटला. जो फोनवर 'भेटल्यावर सांगतो' म्हणतो, तो भेटत नाही. "जी बाई पहिल्याच सीनमा पुढला महिनानं बोलस, ती गयी समज," असं म्हणून अक्का त्या बाईबद्दल मनापासून हळहळायची. ती बाई पडद्यावर अजून हसत असायची, भाजी निवडत असायची, आणि अक्का इकडे 'बिचारी' म्हणून धागा तोडायची. आणखी एक नियम होता. "जो ताटवर बठना आनि जेवना नही, त्याना हात धरा." हा नियम सांगताना ती बाकीच्या नियमांसारखी हसायची नाही. मला ते तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावावासा वाटला नाही.

मी एकदा तिला विचारलं की सगळं आधीच कळतं तर बघतेस कशाला. तिने हातातला ब्लाऊज उलटा करून माझ्यापुढे धरला. "हाई देख. पाठ तीच, बाही तीच, पुढा तोच. गळा बदलना की बाई म्हनस, नवं ब्लाऊज शे." मग म्हणाली, की बाईला नवा गळा हवा असतो, पण तीन बाह्यांचं ब्लाऊज शिवून दिलं तर ती तोंडावर फेकेल. बघणाऱ्याला काय हवंय आणि काय अजिबात नकोय, हे दोन्ही ठाऊक असलेला माणूसच मालिका लिहू शकतो. पुढे मुंबईला एका लेखन कार्यशाळेत मी चांगले चार दिवस बसले. तिथल्या गृहस्थांनी फळ्यावर बाण काढून, चौकोन काढून हेच सांगितलं. मला सारखी अक्काची टाचण्या धरलेली बोटं आठवत होती.

अंतराळाच्या आणि यंत्रमानवांच्या मालिकांना ती 'उडत्या' म्हणायची. परदेशी, हिंदीत बोलणाऱ्या. त्या लागल्या की मात्र ती मान वळवून बघायची, कारण तिला त्या लोकांचे कपडे बघायचे असायचे. "यासना कपडासले खिसाच नहीत. मंग या लोके रुमाल कठे ठेवतस?" हा तिचा त्या साऱ्या भविष्यकाळावरचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की यानात दहा माणसं असली तर ज्यांचं नाव कोणी घेत नाही तीच आधी मरतात. मोठ्या पडद्यासमोर उभा राहून 'सगळं आपल्या ताब्यात आहे' म्हणणारा शास्त्रज्ञ आला की ती हसत सुटायची. पण या मालिका तिला मनातून आवडायच्या, आणि का आवडायच्या तेही तिने सांगितलं. "तठे चूक चालस. एखादानी खटका चुकीसन दाबा, बठ्ठं बुडनं, पन कोनी त्याले खुनी म्हनत नही. खुनी पकडाना मालिकामा चूक चालत नही. कोनी तरी मारेलच पायजे." दोन प्रकारच्या मालिकांमधला इतका नेमका फरक मी नंतर कुठल्याही जाडजूड पुस्तकात वाचला नाही.

एका रविवारी दुपारी वीज गेली. टीव्ही बंद, मशीनची मोटारही बंद. अक्का हुक लावायला बसली आणि मी सुईत दोरा ओवून देत होते. अचानक म्हणाली, "एक भाग असा दाखवा ना, ज्यामा कोनी कोनले मारं नही. नुसती चूक व्हयनी. इतला वरीसथून देखी ऱ्हायनू, एक बी नही." मी म्हटलं, असा भाग कोण बघेल? तिने एक हुक लावला, दुसरा लावला आणि मग धरणगावची गोष्ट सांगितली.

धरणगाव तिचं सासर. दोन भाऊ, दोन जावा, अक्का थोरली. पेरणी झाल्यावर ज्वारीचं बी उरलं होतं. किडीची पावडर लावलेलं. सासऱ्याला काही वाया गेलेलं खपायचं नाही. त्याने ते बी दोन पाण्यांनी धुतलं, उन्हात वाळवलं आणि कोणाला न सांगता घरच्या ज्वारीत ओतलं. धुतलं की झालं, असं त्याला वाटलं. अक्काने नेहमीसारखी ज्वारी चक्कीवर नेली, दळून आणली, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढल्या. संध्याकाळपर्यंत घरातली पाच माणसं तालुक्याच्या दवाखान्यात. चार वाचली. धाकटी जाऊ वाचली नाही. तिची मुलगी तेव्हा अंगावर पिणारी. अक्काला काहीच झालं नाही, कारण त्या दिवशी चतुर्थी होती आणि चंद्र उगवेपर्यंत ती काही खाणार नव्हती.

सासऱ्याने दवाखान्यातच कबूल केलं. पोलिसांनीही चूक म्हणूनच लिहून घेतलं. पण गाव म्हणालं, म्हातारा सुनेला वाचवतोय. तेराव्याला धाकटीच्या आईने सगळ्यांदेखत अक्काला विचारलं, "तू का बरं नही जेवनी?" चतुर्थी सगळ्या गावाला माहीत होती, त्या बाईलाही माहीत होती. तिने नातीला उचललं आणि धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली. अक्काला स्वतःचं मूल नव्हतं. ती पोर तिच्याच मांडीवर जास्त असायची. वर्षभरात अक्का आणि तिचा नवरा जळगावला आले, पुढे नवराही गेला, आणि अक्का लोकांचे ब्लाऊज शिवत राहिली. "तू लिखशी का असा भाग?" तिने विचारलं. मी तेव्हा कॉलेजच्या अंकात दोन कथा छापून आल्यामुळे हवेत होते. "लिखसू, अक्का," म्हणाले. वीज आली आणि तिने उठून टीव्ही लावला.

मुंबईत मला खरोखरच गुन्ह्याच्या मालिकेत काम मिळालं. अक्काच्या जिवावर मिळालं, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. मुलाखतीत त्यांनी एका भागाचा पहिला तुकडा दाखवून पुढे काय होईल ते विचारलं होतं, आणि मी जाहिरातीच्या आधी सांगितलं. लोक मला हुशार समजायला लागले. 'तुला हे कुठून सुचतं?' या प्रश्नाला मी नुसती हसायचे. अक्काचं नाव एकदाही घेतलं नाही. फोनवर मात्र तिला सगळं सांगायचे, आणि ती दर वेळी एकच विचारायची, तो भाग कधी? याच दिवसांत तिच्याकडे एक मोठा आनंद आला होता. धाकटीची मुलगी उज्ज्वला आता धुळ्यात शिक्षिका होती, लग्न झालेली, एका मुलीची आई. आजी वारल्यावर ती आपण होऊन जळगावला आली, दारात उभी राहिली आणि 'मोठी आई' म्हणाली. तेव्हापासून दर महिन्याला यायची. अक्काने मला हे फोनवर तीनदा सांगितलं. सांगून तिचं पोटच भरत नव्हतं.

मग एका आठवड्यात आमच्याकडे गोष्टच नव्हती. बैठकीत मी धरणगावची गोष्ट मांडली, गाव बदलून. प्रमुख लेखक म्हणाले, "छान आहे, पण हा अपघात झाला. आपल्याला माणूस पाहिजे. बियाण्याला बेड्या घालता येत नाहीत." मी भांडले, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी भांडले नाही. कोणी सुचवायच्या आत मीच म्हणाले, "थोरली जाऊ. तिला मूल नाही. आणि तिचा त्या दिवशी उपवास होता." टेबलाभोवतीच्या माणसांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला ते कौतुक आवडलं, हीच खरी लाजेची गोष्ट आहे. दोन दिवसांत भाग लिहून दिला. नावं बदलली, जिल्हा बदलला. चतुर्थी, चक्की आणि ज्वारी मात्र ठेवली, कारण तेवढं खरं वाटायला हवं होतं. अक्काला काही कळवलं नाही. इतक्या भागांत हा एक तिच्या हातून निसटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण अक्काने माझ्या कौतुकापोटी एक व्यवस्था करून ठेवली होती, ती मला माहीत नव्हती. सुरुवातीला नावं झरझर सरकतात, त्यात माझं नाव आलं की ओरडायचं, हे काम तिने रजनीवहिनीला दिलं होतं. पुढचं सगळं मला वहिनीनेच फोनवर सांगितलं. त्या दुपारी वहिनी ओरडली. अक्काने मशीन थांबवलं आणि स्टूल उचलून चक्क टीव्हीकडे फिरवलं. पडद्यावर ज्वारी दिसली तेव्हा ती पुढे सरकून बसली, वहिनीचा हात धरून म्हणाली, "लिखं व, पोरनी लिखं!" तिला वाटलं, तोच भाग आला. मग पडद्यावरच्या थोरल्या जावेने ताट सरकवलं आणि म्हणाली, 'आज माझी चतुर्थी आहे.' पहिली जाहिरात अजून लागायची होती. अक्का म्हणाली, "मोठी जाऊ." तिने स्टूल परत दाराकडे फिरवलं आणि राहिलेली बाही जोडायला घेतली.

संध्याकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, "चांगलं शिवं तू. फिटिंग बराबर बसनं." त्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण ती कारागीर होती आणि खरंच कारागिरीबद्दल बोलत होती. मी 'अक्का, ऐक ना' म्हणाले, तोवर गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर चार महिने मला जळगावला जायचा धीर झाला नाही. कामं आहेत, असं मी सगळ्यांना सांगत होते.

गेले तेव्हा कळलं, की उज्ज्वला येत नाही. माझ्या नावाचे भाग बघायला अक्कानेच तिला मोठ्या अभिमानाने सांगून ठेवलं होतं. 'मनी पोर लिखस' म्हणून. तिने धुळ्यात फोनवर तो भाग बघितला आणि त्याच दिवशी अक्काला फोन केला. जे आजीने तेराव्याला विचारलं होतं, तेच नातीने विचारलं. अक्का म्हणाली, चतुर्थी होती. इतकंच. उज्ज्वलाने फोन ठेवला, तो ठेवलाच. अक्का माझ्याशी बोलत होती, चहा देत होती, मुंबईत राहून वाळलीस म्हणत होती. मला ओरड, मला घालवून दे, असं मी म्हटलं तर म्हणाली, "तुले घालाडीसन ती येई का?"

मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. उज्ज्वलाने घरात घेतलं, पाणी दिलं, समोर बसली. मी सगळं सांगितलं. भाग मी लिहिला, अक्काने मला गोष्ट सांगितली ती चूक झाल्याची म्हणून, खुनी मी घातला, कारण खुन्याशिवाय भाग उभा राहत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हाही मनाने लिहिलंत. आता सांगताय ते मनाचं नाही, हे मी कसं धरू?" ज्या बाईने खोटी साक्ष दिली तिच्याच खऱ्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? तिची मुलगी आतल्या खोलीत मोठ्याने कविता पाठ करत होती. उज्ज्वलाने तिकडे बघत एकच प्रश्न विचारला. "माझ्या आईचं सांगताना मोठी आई रडली होती का?"

नव्हती रडली. ती हुक लावत होती. सांगता सांगता तिने एका ब्लाऊजचे सहाच्या सहा हुक लावले आणि एकही तिरका लागला नाही. तिचं दुःख रडण्याच्या पार पलीकडे गेलेलं होतं, हे मला माहीत होतं. पण हे समोरच्या बाईला सांगितलं असतं, तर तिला एक कोरड्या डोळ्यांची थोरली जाऊ दिसली असती, आणि तिचा अर्थ काय घ्यायचा हे तिला माझ्यासारख्या लोकांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मी म्हणाले, "खूप रडली. मला ती आवरेना. हातातलं काम टाकून ओक्साबोक्शी रडली." उज्ज्वलाने पदर डोळ्यांना लावला. त्याच रविवारी ती मुलीला घेऊन मेहरूणला गेली.

मला वाटलं, फेडलं. पुढच्या खेपेला अक्काकडे गेले तेव्हा उज्ज्वलाची मुलगी पायरीवर चिंध्यांची बाहुली करत होती, आणि उज्ज्वला आत भाकरी थापत होती. अक्काने मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "तू तिले काय सांगं व?" मी सांगितलं. ती खूप दमल्यासारखी म्हणाली, "म्हनीसन. ती मना तोंडकडे टक लावीसन देखस. आते ती उनी, तिनी मायनं नाव काढं, की माले रडनं पडस." आणि आतून बांगड्यांचा आवाज जवळ आला तसा तिने पदर हातात घेतला.

तीन वर्षं ती असं रडली. दर महिन्याला, न चुकता. जिने आयुष्यभर इतरांनी बेतलेल्या माणसांना पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं, तिला मी दोनदा पात्र केलं. एकदा खुनी म्हणून आणि एकदा निर्दोष म्हणून. दुसरं तिला जास्त जड गेलं, असं मला वाटतं, कारण ते तिला स्वतःला वठवावं लागलं. तिने ते उज्ज्वलासाठी आणि तिच्या मुलीसाठी केलं आणि मला त्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही.

गेल्या वर्षी अक्का गेली. दहाव्याला मी मेहरूणला पोचले तेव्हा उज्ज्वलाचे डोळे सुजले होते. सगळं तिनेच केलं होतं, पोटच्या मुलीने करावं तसं. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "फार हळवी होती हो मोठी आई. माझ्या आईचं नाव निघालं की डोळ्यांचं पाणी खळायचं नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

मी म्हणाले, "हो. माहीत आहे."